फुकट जाहिरातीचा खरा भाव



"जॉब पोर्टल्सचे दिवस आता भरले" असं ठामपणे सांगणारा एक तरी जण आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर आहे. त्याचं लॉजिक सरळ असतं. एक जाहिरात सर्व्हरवर ठेवायला खर्च किती? जवळजवळ शून्य. मग जी गोष्ट कुणीही फुकट देऊ शकतं, तिच्यासाठी कंपन्या पैसे का मोजतील? आज ना उद्या फुकट जाहिरातींच्या साइट्स या पेड पोर्टल्सना गिळणार. क्यू.ई.डी.!

ऐकायला छान वाटतं. थर्ड इयरला प्लेसमेंटचा ताप चढायला लागला की तर फारच छान वाटतं. पण हे भाकीत गेली वीसेक वर्षं केलं जातंय आणि अजून पुरतं खरं ठरलेलं नाही. ते कुठे खरं ठरलं, कुठे फसलं आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, हे सांगण्यासाठी हा लेख. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठीत कुठे खडे लागले तर मेसच्या भातातल्यासारखे बाजूला काढून ठेवावेत, ही विनंती.)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. जाहिरात फुकट झाली म्हणून पेड पोर्टल मरत नाही, कारण ते मुळात जाहिरात विकतच नाही. ते छाननी विकतं. फुकट जाहिरातीला खरी जागा आहे ती जिथे पोर्टल कधी पोचलंच नाही तिथे. आणि तिथे तिने टिकावं असं वाटत असेल, तर एका प्रश्नाचं उत्तर आधी द्यायला हवं : पैसे कोण देणार? नोकरी देणारा, की नोकरी मागणारा?

एक स्टेशन, दोन बाजार

कांजूरमार्ग स्टेशनच्या पुलावर पाच मिनिटं उभं राहा, म्हणजे हा विषय डोळ्यांनी दिसेल. पूर्वेला एके काळी क्रॉम्प्टन ग्रीव्हजचा कारखाना होता. आता त्या आवारात टॉवर उभे आहेत, पत्त्यात मात्र लोक अजून 'क्रॉम्प्टन ग्रीव्हज कंपाउंड' असंच लिहितात. स्टेशनला लागून आयथिंक टेक्नो कॅम्पस आहे, तिथे बँकांची आणि कंपन्यांची काचेची ऑफिसं आहेत. सकाळी नऊच्या सुमारास गळ्यात आयकार्ड अडकवलेली गर्दी पूर्वेला उतरते. या लोकांच्या नोकऱ्या बायोडेटा अपलोड करून, ऑनलाइन टेस्ट देऊन, तीन-तीन इंटरव्ह्यू पार करून लागलेल्या असतात.

पश्चिमेला उतरलात तर एल.बी.एस. मार्ग, मेट्रोचे खांब आणि भांडुपच्या दिशेने इंडस्ट्रियल इस्टेटमधले गाळे. प्रेस शॉप, पॅकेजिंग, फॅब्रिकेशन, कुठे छपाई. इथे रिक्रूटमेंट कशी चालते? शटरवर एक ए-फोर कागद चिकटवलेला असतो : 'हेल्पर पाहिजे', 'लेथ ऑपरेटर पाहिजेत, आत भेटा'. आहे त्या कामगाराला मालक सांगतो, "गावचा कुणी असेल तर घेऊन ये रे." बस्स. बायोडेटा नाही, पोर्टल नाही, एच.आर. तर नाहीच नाही.

तिसरा प्रकार लोकलच्या डब्यात दिसतो. 'घरबसल्या कमवा', 'दहावी-बारावी पास/नापास, ताबडतोब जॉइनिंग' असं छापलेले स्टिकर, खाली एक मोबाइल नंबर. कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही.

शटरवरचा कागद आणि डब्यातला स्टिकर या दोन्ही फुकट जाहिरातीच आहेत. इंटरनेट यायच्या कितीतरी आधीपासूनच्या. एक बहुधा खरी, दुसरी बहुधा खोटी. फुकट जाहिरातींच्या साइट्सचं सगळं भवितव्य या दोघांतला फरक ओळखता येतो की नाही, यावर अवलंबून आहे.

जॉबर ते पोर्टल

पैसे कोण देणार हा प्रश्न मुंबईला नवा नाही. गिरण्यांच्या काळात माणसं भरायचं काम जॉबर करायचा. गावाहून आलेल्या माणसाला खात्यात घ्यायचं की नाही, बदलीला उभं करायचं की नाही, हे त्याच्या मर्जीवर असे. त्याबद्दल तो दस्तुरी घ्यायचा. म्हणजे ज्याच्याकडे काम नाही, पैसा नाही, त्यानेच काम मिळवण्यासाठी पैसा द्यायचा. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली कमिशनचा अहवाल १९३१ साली आला. त्यात या जॉबर पद्धतीवर टीका झाली आणि भरती त्याच्या हातातून काढून घ्यावी असं सुचवलं गेलं.

मग सरकारने फुकटचा पर्याय आणला. त्याचं नाव एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, मराठीत सेवायोजन कार्यालय. नाव नोंदवायला पैसे नाहीत, जागा कळवायलाही पैसे नाहीत. १९५९ साली त्यासाठी कायदासुद्धा झाला. २५ किंवा जास्त माणसं कामावर असलेल्या खाजगी आस्थापनांनी रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवायच्या, असं त्यात होतं. पण त्याच कायद्यात असंही होतं, की एक्स्चेंजने पाठवलेल्यालाच घ्या अशी सक्ती कुणावर नाही. परिणाम काय झाला ते आपल्या आई-बाबांना विचारा. एक्स्चेंजचं कार्ड त्या पिढीत कितीतरी घरांत असायचं, कॉल येण्याची वाट बघत ते कपाटात पडलेलं असायचं. २०१५ पासून केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस हे ऑनलाइन पोर्टल आहे, महाराष्ट्राचं महास्वयम् आहे. दोन्हीवर नाव नोंदवणं फुकट. तरी आपल्या क्लासमधल्या किती जणांनी तिथे नाव घातलंय? हात वर करा. बघा!

म्हणजे फुकट असणं ही काही जादू नाही. फुकटचं सगळ्यात मोठं जॉब बोर्ड या देशात पेड पोर्टल्सच्या कितीतरी आधीपासून होतं.

मधल्या काळात खाजगी नोकरीचा रस्ता वर्तमानपत्रातून जायचा. मराठी पेपरांत छोट्या जाहिराती, इंग्रजीत टाइम्सची बुधवारची असेंट पुरवणी. जाहिरातीचा खर्च कंपनीने करायचा, आपण फक्त पेपर विकत घ्यायचा. आणि इथेच भारतातल्या पोर्टलची गोष्ट सुरू होते. हॉर्लिक्स बनवणाऱ्या कंपनीत काम करताना संजीव बिखचंदानी यांनी बघितलं, की ऑफिसात 'बिझनेस इंडिया'चा अंक आला की लोक तो मागच्या पानापासून वाचतात, कारण नोकरीच्या जाहिराती मागे असतात. नोकरी सोडायचा विचार नसलेलेही त्या वाचायचे. १९९७ साली त्यांनी नोकरी डॉट कॉम सुरू केलं ते वर्तमानपत्रांतल्या हजारेक जाहिराती गोळा करून, टाइप करून. त्या जाहिरातींसाठी कुठल्याही कंपनीने त्यांना छदाम दिला नव्हता. आज ज्याला आपण 'पेड पोर्टल' म्हणतो त्याचा जन्मच असा फुकट जाहिरातींतून झाला. पुढे २००६ मध्ये त्याची मालक कंपनी इन्फो एज शेअर बाजारात आली, ते याच धंद्याच्या जोरावर.

क्रेगने काय मोडलं?

आता आपल्या मजल्यावरच्या पंडिताचं आवडतं उदाहरण घेऊ, क्रेगलिस्ट. क्रेग न्यूमार्क नावाच्या प्रोग्रॅमरने १९९५ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मित्रांना शहरातल्या कार्यक्रमांची माहिती पाठवायला सुरुवात केली. त्यातून घर, नोकरी, जुनं सामान अशा सगळ्या छोट्या जाहिरातींची साइट झाली. दिसायला इतकी साधी, की आपला फर्स्ट इयरचा प्रोजेक्ट वाटावा. पण तिने अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांचं कंबरडं मोडलं. रॉबर्ट सीमन्स आणि फेंग झू या दोन प्राध्यापकांनी हिशोब मांडलाय, की २००० ते २००७ या काळात क्रेगलिस्टमुळे जाहिरात देणाऱ्यांचे सुमारे ५०० कोटी डॉलर वाचले. तेवढे पैसे एरवी स्थानिक वर्तमानपत्रांच्या गल्ल्यात गेले असते.

यातला महत्त्वाचा भाग असा, की मार पडला तो वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींना. का? कारण पेपर तेव्हा फक्त कागदावरची जागा विकत होता. दोन ओळी छापायच्या, पैसे घ्यायचे, संपलं. जागाच जर कुणी फुकट द्यायला लागलं तर तुमच्याकडे विकायला उरतं काय?

दुसरा भाग आपले पंडित सांगत नाहीत. ही 'फुकट' साइट नोकरीच्या जाहिरातींना पैसे घेते! आधी फक्त सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, मग २००४ पासून न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये, पुढे आणखी शहरांत. २००६ साली न्यूयॉर्कच्या घरदलालांनाही एका जाहिरातीला १० डॉलर लावले, कारण तेच ते घर पुन्हा पुन्हा टाकून दलालांनी यादीचा उकिरडा केला होता. दहा डॉलर म्हणजे तिथे काहीच नाही. पण जाहिरात टाकणाऱ्याला क्षणभर थांबून विचार करायला लावायला तेवढे पुरतात.

मग इथे काय झालं?

भारतातही प्रयोग झाले आणि चांगले दणक्यात झाले. ईबेच्या किजिजी या साइटच्या भारतीय शाखेचं २००८ साली क्विकर झालं. २००६ मध्ये सुरू झालेली ओएलएक्स इथे घराघरांत पोचली. लोक आधी सोफा आणि बाइक विकायला गेले, मग नोकऱ्याही तिथे आल्या. ड्रायव्हर, टेलिकॉलर, डिलिव्हरी, सेल्सगर्ल. २००७ साली बंगलोरमध्ये शॉन ब्लॅगस्वेट यांनी बाबाजॉब काढलं. मोलकरीण, वॉचमन, स्वयंपाकी यांच्यासाठी. इंटरनेट नसलेल्यांसाठी मिस्ड कॉल आणि एसएमएसची सोय होती. २०१७ मध्ये बाबाजॉब क्विकरने घेतलं. मुंबईत अशाच कामगारवर्गासाठी सुरू झालेली आसानजॉब्स २०१९ मध्ये ओएलएक्सने घेतली. त्याच वर्षी अपना हे ॲप आलं आणि २०२१ मध्ये त्याची किंमत एक अब्ज डॉलरच्या वर गेली. उमेदवाराला ते फुकट आहे.

या सगळ्यांनी मिळून नोकरी डॉट कॉमला बुडवलं का? नाही. उलट मॉन्स्टरचं काय झालं ते बघा. ऑनलाइन नोकऱ्यांमधला हा एके काळचा जगातला दादा. त्याच्या भारतातल्या धंद्याचं नाव २०२२ मध्ये बदलून फाउंडइट झालं आणि अमेरिकेतली कंपनी २०२५ च्या जूनमध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. पण मॉन्स्टरची जागा घेतली ती क्रेगलिस्टने किंवा ओएलएक्सने नाही. एकीकडून लिंक्डइनने घेतली, जिथे माणसाची ओळख, जुन्या नोकऱ्या, ओळखीचे लोक सगळं दिसतं. दुसरीकडून इंडीडने घेतली, जिने इकडच्या-तिकडच्या जाहिराती एकत्र करून शोधणं सोपं केलं आणि वर दिसायचं असेल तर पैसे घेतले. दोघांनीही छाननीच जास्त चांगली करून दाखवली.

छाननीला पैसे का पडतात, याचा हिशोब आपण इंजिनियर आहोत तर करून टाकू. समजा एका कंपनीने फुकट साइटवर 'ज्युनियर इंजिनियर पाहिजे' अशी जाहिरात दिली आणि ६०० अर्ज आले. एका अर्जावर दोन मिनिटं घालवली तरी १,२०० मिनिटं, म्हणजे २० तास झाले. एका माणसाचा अडीच दिवसांचा पगार नुसता वाचण्यात गेला आणि अजून एकही फोन लावलेला नाही. जाहिरातीचे वाचलेले पैसे इथे दुपटीने गेले. म्हणून कंपनी बायोडेटांचा साठा उघडायचे पैसे देते. शहर, ब्रँच, अनुभव, अपेक्षित पगार असे फिल्टर लावले की ६०० चे ३० होतात. सिग्नल आणि नॉइजचा हा साधा खेळ आहे. जाहिरात फुकट केली की सिग्नल वाढतो, पण नॉइज त्याहून जास्त वाढतो.

म्हणून पुलाच्या पूर्वेचा बाजार फुकट जाहिरातींच्या हाती सहज लागणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाळेवाल्याला काय हवं?

पश्चिमेचं गणित वेगळं आहे. गाळेवाल्याला ६०० बायोडेटा नकोच आहेत. त्याला दोन माणसं हवीत, सोमवारपासून. त्याचे प्रश्न मोजके असतात : मशीन चालवता येतं का? राहायला कुठे? भांडुप, विक्रोळी, घाटकोपर चालेल, पण वसईहून येणारा दोन महिन्यांत सोडून जातो. नाइट शिफ्ट करशील का? एवढंच. यासाठी पोर्टलच्या पॅकेजचे पैसे तो भरणार नाही, भरूही नये.

मागणाऱ्याची बाजू बघा. आयटीआय झालेल्या मुलाकडे सांगण्यासारखं एक कौशल्य आणि एक फोन असतो. 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' कुठून लिहिणार तो? (खरं सांगायचं तर आपणही ते कॉपी-पेस्टच करतो.) त्याला कळायला हवं ते एवढंच, की आपल्या घरापासून वीस मिनिटांवर, दोन स्टेशनं सोडून, एक गाळा आहे आणि तिथे जागा रिकामी आहे. आज हे त्याला कळतं ते फक्त ओळखीने. ज्याची ओळख नाही त्याच्यासाठी तो कागद शटरवर असून नसल्यासारखा.

इथे फुकट जाहिरातीने खरंच उलथापालथ होऊ शकते. पण ती पेड पोर्टलची नाही, वशिल्याची. कांजूरच्या गल्लीतला कागद भांडुपच्या डोंगरावरच्या मुलाच्या फोनवर दिसला, तर 'गावचा कुणी' हीच एकमेव पात्रता राहणार नाही. मला विचाराल तर पोर्टल बुडण्यापेक्षा ही फार मोठी गोष्ट आहे.

फुकटात घुसलेली फी

मग हे आपोआप का होत नाही? कारण दरवाजा सताड उघडा ठेवला की सगळ्यात आधी डब्यातले स्टिकरवाले आत येतात.

आपल्या मेसमध्ये वाढणाऱ्या एका दादाचा धाकटा भाऊ गेल्या वर्षी बारावीनंतर काम शोधत होता. एका फुकट साइटवर त्याला गोडाऊनमधल्या नोकरीची जाहिरात दिसली. फोन केला, पत्ता मिळाला. टेबल-खुर्ची, कॉम्प्युटर, भिंतीवर मोठ्या कंपन्यांचे लोगो. रजिस्ट्रेशनचे १,८०० भरा म्हणाले, भरले. दोन दिवसांनी युनिफॉर्म आणि आयकार्डचे २,५०० मागितले, तेही भरले. सोमवारी जॉइनिंग होतं. सोमवारी ऑफिसला कुलूप. ४,३०० रुपये. आपल्यासाठी ती एका सेमिस्टरची झेरॉक्स आणि वडापाव असेल. त्या घरात दादाच्या पगारातून ते उसने घेतलेले होते आणि फेडायला चार महिने लागले. पैशांपेक्षा वाईट गोष्ट पुढची आहे. त्यानंतर तो मुलगा कुठल्याच जाहिरातीला फोन करायला तयार नव्हता, खऱ्यासुद्धा.

हे म्हणजे जॉबरची दस्तुरीच की! फक्त जॉबर निदान काम तरी द्यायचा.

आणि आपण शिकलेले आहोत म्हणून सुटलो असं समजू नका. टेलिग्रामवर 'व्हिडिओला लाइक करा, रोज पैसे मिळवा' म्हणणारे टास्कवाले कॉलेजच्या मुलांनाच गाठतात. २०२५ च्या मार्चमध्ये म्यानमार-थायलंडच्या सीमेवरून ५०० हून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. चांगल्या नोकरीच्या आमिषाने नेऊन त्यांना तिथे सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर कामाला लावलं होतं. त्यांच्यातही शिकलेली मुलं होती.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९७ साली, म्हणजे नोकरी डॉट कॉम सुरू झालं त्याच वर्षी, खाजगी रोजगार संस्थांसाठी करार क्रमांक १८१ केला. त्यातल्या सातव्या कलमाचा सारांश असा, की या संस्थांनी कामगाराकडून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष फी घेऊ नये. ही एक ओळ प्रत्येक फुकट साइटच्या कपाळावर लिहिली पाहिजे. पेड पोर्टल्सनीही ती वाचावी, कारण 'बायोडेटा चमकवून देतो, तुमचं प्रोफाइल वर आणतो' म्हणत उमेदवाराकडून पैसे घ्यायचा मोह त्यांनाही सुटलेला नाही. ती फसवणूक नाही, मान्य. पण ज्याला नोकरी नाही त्याच्या खिशाकडे बघायची सवय तीच.

आपण काय करू शकतो?

नुसतं मत मांडून पळून जाणं बरं नाही. तेव्हा आपल्या प्लेसमेंट सेलसमोर एक प्रस्ताव ठेवते. कांजूर, भांडुप, विक्रोळी एवढ्याच भागासाठी आपल्या कॉलेजने एक छोटं जाहिरातींचं पान चालवावं. कॉम्प्युटरवाल्यांना ते बनवायला एक वीकेंड पुरे. नियम चारच :

१. नोकरी मागणाऱ्याकडून एक रुपयाही नाही. नोंदणीला नाही, फॉर्मला नाही, कशालाच नाही.

२. जाहिरात देणाऱ्याकडून २०० रुपये डिपॉझिट. जागा भरली की नाही हे त्याने १५ दिवसांत कळवलं की पूर्ण परत. नाही कळवलं तर जाहिरात उतरवायची आणि डिपॉझिट जप्त. त्यामुळे खोटी जाहिरात टाकणारा दोनदा विचार करेल आणि शिळ्या जाहिरातींचा ढीग साचणार नाही.

३. पहिल्या जाहिरातीआधी आपल्यापैकी दोघांनी तो गाळा प्रत्यक्ष बघून यायचं. पत्ता खरा आहे का, मशीन आहे का, माणसं काम करतायत का. बघून आल्यावरच 'पाहिलं आहे' असा शिक्का.

४. पगार आणि कामाचे तास लिहिलेच पाहिजेत. 'चांगला पगार' चालणार नाही.

आक्षेप मला माहीत आहेत. पहिला : "आपण इंजिनियरिंग शिकतो, नोकरी एक्स्चेंज चालवायला आलो नाही." बरोबर आहे. पण आपल्यातले ज्यांच्या के.टी. आहेत ते कॅम्पसच्या लिस्टमध्ये बसतच नाहीत. कंपन्यांची साठ टक्क्यांची अट त्यांना दारातच अडवते. त्यांना इन-प्लांट ट्रेनिंग, छोटा प्रोजेक्ट, पहिली नोकरी याच गाळ्यांत मिळू शकते. मेकॅनिकलच्या मुलांनी चार गाळे आतून बघितले तर व्हायवात त्यांचंच भलं होईल.

दुसरा : "चुकून एखादी खोटी जाहिरात लागली तर कॉलेजचं नाव जाईल." हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच नियम तीन आहे. चाळीस जाहिरातींचं खात्रीचं पान चार हजार जाहिरातींच्या उकिरड्यापेक्षा चांगलं. मोठ्या साइट्सना प्रत्येक गाळ्यावर माणूस पाठवणं परवडत नाही. आपल्याला परवडतं, कारण आपण रोज त्याच रस्त्याने स्टेशनला जातो. फुकट जाहिरातीत जी छाननी कमी पडते ती इथे पायी होऊ शकते.

तिसरा : "पुढच्या वर्षी कोण चालवणार?" याला माझ्याकडे एकच उत्तर आहे, सर-मॅडम. विद्यार्थी चार वर्षांत जातात, स्टाफ राहतो. एका शिक्षकाने नाव दिलं तर पान टिकेल. नाही दिलं तर आमच्या फेअरवेलबरोबर त्याचाही सेंड-ऑफ होईल.

आणि हे पान निघो न निघो, एवढं मात्र प्रत्येकाने करा. कुणी नोकरीआधी पैसे मागितले, मग त्याला रजिस्ट्रेशन म्हणोत, डिपॉझिट म्हणोत की ट्रेनिंग किट म्हणोत, तिथून उठा. परदेशातली नोकरी असेल तर एजंटकडे सरकारी परवाना आहे का, ते ईमायग्रेटवर आधी तपासा. ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा, जितका उशीर तितके पैसे परत यायची शक्यता कमी. हे सगळं आपल्या ग्रुपवर फॉरवर्ड करण्यापेक्षा मेसमध्ये वाढणाऱ्या दादांना, वॉचमनकाकांना, झाडू मारायला येणाऱ्या मावशींच्या मुलाला तोंडी सांगा. स्टिकरवरचा नंबर आपल्याआधी त्यांच्या घरी पोचतो.

राहता राहिला आपल्या मजल्यावरचा पंडित. त्याला माझा निरोप द्या, की पेड पोर्टल बुडतं की तरतं याची काळजी त्यांचे शेअरहोल्डर करतील. प्लेसमेंट सेलची पुढची मीटिंग लागली की मात्र आपण दोघांनी मिळून हा कागद घेऊन आत जायचं आहे. वेब पेज त्याने बनवायचं, गाळे बघायला मी येते.